फ्रिजवरची जुनी यादी काढा: डायलिसिसवरच्या माणसाचं जेवण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अण्णांचं वय ६१, मधुमेह १८ वर्षांपासून. सात महिन्यांपूर्वी डायलिसिस सुरू झालं. मंगळवार आणि शुक्रवार असं आठवड्यातून दोनदा, कऱ्हाडला, घरून तासाभराचा प्रवास. सुरुवातीला वजन ६० किलो होतं, आता डायलिसिसनंतर ५६ भरतं. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, ३.१, कमीच. दोन डायलिसिसच्या मधे साडेतीन किलो वजन वाढतं. डाळ, दूध, फळं, पालेभाजी सगळं बंद असूनही पोटॅशियम ५.९, म्हणजे जास्तच, आलं. आई आळणी स्वयंपाक करतात, लो सोडियम मीठ आणलंय. अण्णा चार घास खातात आणि ताट सरकवतात. आणि तुम्ही विचारलंय, "आता अजून काय बंद करू?"

काहीही बंद करू नका. अण्णांना आज सगळ्यांत मोठा धोका उपासमारीचा आहे, आणि ती उपासमार तुमच्या घरात जीव लावून, पथ्य सांभाळून चालली आहे. मी बावीस वर्षं किडनीच्या रुग्णांच्या आहाराचं काम करते. डायलिसिसच्या खुर्चीवर हळूहळू आटत जाणारी माणसं मी खूप पाहिली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी पथ्य अगदी काटेकोर होतं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत फ्रिजवर एक कागद दिसतो. कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्यावर हळदीचं बोट. त्यावर लिहिलंय: डाळी-कडधान्यं बंद, पनीर बंद, दूध अर्धा कप. वर तारीख तीन वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा अण्णांचं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) चारच्या आसपास होतं, डायलिसिस नव्हतं. त्या वेळी तो कागद बरोबर होता. किडनी थोडीफार काम करत असते तेव्हा तिच्यावरचा भार हलका ठेवायला प्रथिनं कमी करतात. दर किलो वजनामागे दिवसाला ०.६ ते ०.८ ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की हा हिशेब उलटतो. आता हवीत किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे साधारण दीडपट. कारण चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये युरियाबरोबर सहा-आठ ग्रॅम अमिनो आम्लंही गाळणीतून निघून जातात. प्रथिनं ज्या विटांनी बांधली जातात त्याच या विटा. शिवाय मशीनवर असताना शरीर स्वतःचे स्नायू जास्त वेगाने मोडतं. अशा याद्या मीही लिहून दिल्या आहेत. "डायलिसिस सुरू झालं की हा कागद फाडा" ही ओळ त्यांवर असायला हवी होती आणि कित्येक वर्षं मी ती लिहिली नव्हती. आता प्रत्येक कागदावर सगळ्यात वर लिहिते.

तुम्ही अण्णांचा एक दिवस लिहून पाठवलात ते फार बरं झालं. चहा-बिस्किटं, दुपारी एक पोळी, भात, वरणाची निवळ, दुधीची भाजी, रात्री अर्धी भाकरी किंवा नुसता भात. हिशेब केला तर प्रथिनं पंचवीस ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. त्यांना हवीत साठ-पासष्ट.

त्या निवळीबद्दल थांबून बोलायलाच हवं. घरोघरी पाहते मी हे. डाळ बंद सांगितली म्हणून आई वरणाचं फक्त वरचं पाणी देते, तेवढंच पोटात जावं म्हणून. पण डाळ शिजताना पोटॅशियम पाण्यात उतरतं आणि प्रथिनं बरीचशी तळाच्या दाण्यात राहतात. म्हणजे नको होतं ते अण्णांच्या वाटीत आणि हवं होतं ते बाकीच्यांच्या ताटात. शिवाय ते पाणीच, म्हणजे त्यांच्या मोजून द्यायच्या पाण्यातला वाटा. आजपासून उलट करा. डाळ दोन-तीन तास भिजवा, ते पाणी ओता, भरपूर नव्या पाण्यात शिजवा, वरचं पाणी काढून टाका आणि राहिलेलं घट्ट वरण अण्णांना वाटीभर द्या. तीस ग्रॅम कच्च्या डाळीच्या वरणात सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात.

आता तुमच्या पत्रातल्या "चांगल्या बातम्यां"कडे येते. तुम्ही लिहिलंय की क्रिएटिनिन ९.८ वरून ७.१ वर आलं, साखर एवढी सुधारली की इन्सुलिन निम्मं झालं, आणि वजन गेले दोन महिने स्थिर आहे. घरात सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र ते वाचून काळजी वाटली.

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. डायलिसिस पूर्वीइतकंच चालू असताना ते उतरत गेलं, तर बऱ्याचदा त्याचा अर्थ स्नायू झिजले असा असतो. दंडाचं, मांडीचं मांस कमी झालं की तयारच कमी होतं. किडनी सुधारली म्हणून उतरलं असेल तर लघवी वाढलेली दिसली असती. तुम्ही म्हणता ती दिवसाला जेमतेम ३०० मिली आहे. युरिया आणि फॉस्फरस कमी येणं हेही असंच, पोटात काही गेलंच नाही तर रक्तात येणार कुठून?

साखरेचंही तेच. इन्सुलिनचा बराच निचरा निरोगी किडनी करते. किडनी गेली की तेच इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं. त्यात माणूस जेवत नसेल तर साखर उतरणारच, आणि एखाद्या रात्री धोक्याच्या खाली उतरेल. इन्सुलिनचा डोस जेवणाबरोबर बदलावा लागतो, म्हणून आहार वाढवायच्या आधी डॉक्टरांना फोन करून सांगा. साखर उतरून घाम आला, हात थरथरले, तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यातून द्या. मोसंबीचा रस देऊ नका.

आणि स्थिर वजन. यात सगळेच फसतात, कधीकधी आम्हीसुद्धा. मांस दोन किलो गेलं आणि त्याची जागा दोन किलो पाण्याने घेतली तर काटा तेच दाखवतो. ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढून झाल्यावरचं वजन, म्हणून ५६ हा आकडा फाईलवर लिहिलेला असतो, टेक्निशियन तिथवर पाणी काढतात आणि थांबतात. खरं ड्राय वेट कदाचित ५४ झालेलं असतं. म्हणून मी काट्याआधी माणसाकडे बघते. कानशिलाच्या जागी खळगा पडलाय का, गळपट्टीचं हाड वर आलंय का, घड्याळाचा पट्टा कितव्या भोकात गेलाय. तुमच्या आईंना विचारा, अण्णांच्या सदऱ्याची बाही दंडावर कशी बसते. त्या एका वाक्यात सांगतील. पायाला सूज, झोपल्यावर दम, डायलिसिसनंतरही रक्तदाब चढा अशा खुणा असतील तर ड्राय वेट नव्याने ठरवायला सांगा.

अल्ब्युमिनबद्दल एक सूचना. ते फक्त जेवणाने चढत-उतरत नाही. मानेतल्या कॅथेटरला, दातांना, पायाच्या जखमेला कुठेही जंतुसंसर्ग धुमसत असेल तर ते खाली येतं आणि भूकही मारतं. अण्णांचे दात एकदा दाखवून घ्या. तीन दात हलत असलेल्या माणसाला आम्ही महिनाभर "भूक का नाही" विचारत होतो, हे मी विसरलेले नाही.

मग खायला काय द्यायचं? अण्णा माळकरी आहेत, अंडं-मासा चालत नाही. त्यांना आता अंडं खाच म्हणून मागे लागू नका. त्या आग्रहात असलेली भूकही जाते. हे वाचणाऱ्या इतरांसाठी मात्र सांगते, ज्यांना चालतं त्यांच्यासाठी अंड्याचा पांढरा भाग ही सोन्यासारखी गोष्ट आहे. एका पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि फॉस्फरस जवळजवळ नाहीच. ताजी मासळी, कोंबडीही उत्तम. सुकट, सुके बोंबील आणि खारवलेलं काहीही नको, आणि मांदेलीसारखी काट्यासकट खायची मासळी फॉस्फरस जास्त असेल तर टाळावी.

अण्णांचा दिवस मी असा मांडेन. सकाळी भिजवलेल्या मूगडाळीची दोन धिरडी, चाळीस ग्रॅम डाळीची, म्हणजे नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं. दुपारी दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण, थोडा भात आणि पाणी काढलेली भाजी, हे सोळा-सतरा. चारच्या सुमाराला घट्ट दही वाटीभर, चार. रात्री दीड भाकरी आणि साठ ग्रॅम घरचं पनीर, किंवा पंचवीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या उकळून, दोनदा पिळून, खिमा करून परतलेल्या, हे सोळा-अठरा. दोन चहांचं दूध चार. सगळं मिळून पन्नास-पंचावन्न होतात. उरलेले दहा-बारा सुरुवातीला पावडरीतून येऊ देत.

पावडर घेताना डबा नीट वाचा. किडनीसाठीच्या पावडरी दोन तऱ्हेच्या असतात: एक डायलिसिसआधीच्यांसाठी कमी प्रथिनांची, दुसरी डायलिसिसवाल्यांसाठी जास्त प्रथिनांची. दुकानात "किडनीची पावडर द्या" म्हटलं की हाताला येईल ती मिळते. चुकीचा डबा सहा महिने इमानदारीने घेतलेले लोक मला भेटले आहेत. डब्यावर डायलिसिससाठी असं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे, आणि ती दुधापाण्याच्या पेल्यातच घालायला हवी असंही नाही. धिरड्याच्या पिठात, दह्यात, भाकरीबरोबरच्या घट्ट पिठल्यात मिसळता येते, म्हणजे वेगळं पाणी पोटात जात नाही.

प्रथिनं वाढवून उष्मांक कमी ठेवले तर फायदा नाही. शरीराला जळण कमी पडलं की ते हीच प्रथिनं चुलीत घालतं. अण्णांना दिवसाला १७०० ते १८०० कॅलरीज लागतील. त्यासाठी ताट मोठं करू नका, मोठं ताट पाहूनच त्यांचं पोट भरतं. घास जड करा. भाकरीवर चमचाभर तूप, भाजीत तेल थोडं हात सोडून, वरणाला वरून फोडणी. "कोलेस्टेरॉल वाढेल" ही भीती आज बाजूला ठेवा. डायलिसिसवरच्या लोकांत अंगाने भरलेला माणूस बारीक माणसापेक्षा सहसा जास्त टिकतो, हे जगभर दिसून आलंय.

आता मीठ. मिठाचा आणि भुकेचा काय संबंध असं वाटेल, पण अण्णांच्या न जेवण्याचं अर्धं कारण इथे आहे.

शरीरात नऊ ग्रॅम मीठ साठलं की ते आपल्याजवळ सुमारे लिटरभर पाणी धरून ठेवतं. मीठ खाल्लं की तहान लागते आणि ती इच्छाशक्तीने दाबता येत नाही. म्हणून "पाणी कमी प्या" असं सांगण्यात अर्थ नसतो, मीठ कमी झालं की पाणी आपसूक कमी होतं. अण्णांच्या मधल्या दिवसांत साडेतीन किलो वाढतात. ५६ किलोच्या माणसात ही वाढ साधारण सव्वादोन-अडीचपर्यंत राहायला हवी. चार तासांत सुरक्षितपणे २.९ लिटरच्या आसपास पाणी काढता येतं. त्याहून जास्त ओढलं की रक्तदाब कोसळतो, पोटऱ्यांत गोळे येतात, माणूस पिळलेल्या कपड्यासारखा घरी येतो आणि झोपतो. त्या दिवशीचं दुपारचं जेवण गेलं, रात्रीचंही गेलं. आठवड्यातून दोनदा, महिन्यात आठ-नऊ वेळा. वजन असंच गळतं.

तुम्ही म्हणाल, आई आळणी करतात. अगदी खरं. पण आळणी भाजी घशाखाली उतरत नाही म्हणून अण्णा बरोबर काय घेतात ते पाहा. पापडात मीठ आहे आणि पापडखारही आहे, त्यातही सोडियमच. शेव-फरसाण, लोण्याच्या बिस्किटांतला सोडा, मीठ घातलेलं ताक, लोणच्याची फोड. आणि तुमच्या भागातला कांदा-लसूण मसाला, जो कुटतानाच मीठ घालून कुटतात. भाजीत वेगळं मीठ नाही, पण मसाला दोन चमचे आहे. या वर्षी मसाला करताना अण्णांसाठी पाव किलो बिनमिठाचा बाजूला काढा आणि फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे टिकेल.

पूर्ण आळणी करू नका, ती शिक्षा आहे. मी एक करायला सांगते आणि ते टिकतं. एका छोट्या डबीत रोज सकाळी पाऊण चमचा साधं मीठ काढायचं, साधारण चार ग्रॅम. दिवसभराचं अण्णांचं मीठ एवढंच. स्वयंपाक बिनमिठाचा, आणि ताटात त्यांनी स्वतःच्या हाताने चिमटीने भाजीवर वरून घालायचं. वरून घातलेलं मीठ जिभेला आधी लागतं, त्यामुळे थोडंही पुरतं. डबी त्यांच्या ताब्यात द्या. सात महिने घरात प्रत्येक जण त्यांना काहीतरी नाकारतोय. हातात एक गोष्ट आली की माणूस खुलतो. चवीला जिरं, हिंग, आलं, लसूण, कढीपत्ता, लिंबाचे चार थेंब, एखादं आमसूल बिनधास्त वापरा. भाकरी तर मुळातच बिनमिठाची, म्हणून मला ती पोळीइतकीच प्रिय आहे.

पाण्याचा हिशेब: आदल्या दिवशीच्या लघवीइतकं अधिक ५०० मिली. अण्णांच्या बाबतीत ८००. यात चहा, दही, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट सगळं आलं. सकाळी बाटलीत ८०० मिली भरा आणि चहा प्यायला की तेवढं त्यातून ओतून टाका. डोळ्यांना दिसलं की कळतं.

पोटॅशियमवर तुम्ही सर्वांत जास्त काळजी केलीत, म्हणून सविस्तर सांगते. सगळं बंद असून ५.९ कसं आलं? तुमच्या पत्रात मला चार कारणं सापडली.

पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं, ते लो सोडियम मीठ. त्यातलं सोडियम कमी करायला त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. एक ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडमध्ये अर्धा ग्रॅमहून अधिक पोटॅशियम असतं, म्हणजे एका केळ्याहून जास्त. निरोगी किडनीच्या, रक्तदाब असलेल्या माणसाला ते ठीक असेल. डायलिसिसवरच्या घरात ते पाकीट नको. आजच काढा. तुम्ही ते काळजीपोटीच आणलंत, पाकिटावर हृदयाचं चित्र पाहून कोणीही आणेल.

दुसरं, वरणाची निवळ आणि भाज्यांचं पाणी. आई दुधी कुकरमध्ये थोड्या पाण्यात शिजवतात आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून कणकेत किंवा सारात वापरतात. एरवी हीच सुगरणीची खूण, पण अण्णांच्या भाजीला मात्र पाणी सोडावंच लागेल. साल काढून बारीक फोडी करायच्या, भरपूर कोमट पाण्यात दोन तास ठेवायच्या, ते ओतायचं, मग उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकडून तेही ओतायचं आणि मग फोडणीला टाकायचं. बटाट्यालासुद्धा हे करून आठवड्यातून एकदा घरात आणता येतं. कुकरमध्ये जेमतेम पाण्यात किंवा वाफेवर शिजवलं तर पोटॅशियम भाजीतच राहतं.

तिसरं, बद्धकोष्ठता. अण्णांना चार-चार दिवस शौचाला होत नाही असं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, जाताजाता. माझ्या दृष्टीने ती पत्रातली मोठी ओळ आहे. किडनी बंद पडली की पोटॅशियम बाहेर टाकायचं काम काही प्रमाणात मोठं आतडं अंगावर घेतं. ते तुंबलं की पोटॅशियम चढतं. पालेभाज्या, फळं, डाळी बंद केल्या, पाणी कमी केलं, वर फॉस्फरसची गोळी. शौचाला होणार कसं? म्हणजे पोटॅशियम उतरवायला केलेलं पथ्यच ते चढवतंय. डॉक्टरांना विचारून लॅक्टुलोजसारखं औषध सुरू करा, इसबगोल नको कारण त्याला पाणी लागतं. आणि रोज एक लहान फळ परत आणा: अर्धं सफरचंद, अननसाची एक चकती, छोटं पेअर, यांतलं एकच. डायलिसिसच्या आदल्या दिवशी आणि लांब खंडात नको वाटलं तर नको, पण कायमचं बंद नको.

चौथं, लांब खंड. शुक्रवार ते मंगळवार चार दिवस. त्या चार दिवसांत पोटॅशियम, पाणी आणि भूक मारणारी घाण, सगळंच साठतं. तोंडाला धातूसारखी चव येते, अन्नाचा वास नकोसा होतो. ही चव मसाल्याने जात नाही, डायलिसिस पुरेसं झालं की जाते. आठवड्यातून तीनदा करता येईल का हे नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, स्पष्ट विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, आणि २०१६ पासून केंद्राच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांतही सोय झाली आहे. पैशांसाठी तिसरी फेरी सोडली असेल तर तिथल्या समाजसेवकांना गाठा. शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्या, टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारख्या, पोटॅशियम चढवतात. स्वतः बंद करू नका, पण यादी दाखवा. रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल शमवणारा क्षार, तेही पाहायला सांगा. ते कमी, म्हणजे २२ च्या खाली असेल, तर आम्लामुळे पोटॅशियम चढतं आणि स्नायूही झिजतात.

काही गोष्टी मात्र खरोखर बंद. शहाळ्याचं पाणी: आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण तेच घेऊन येतो, एका शहाळ्यात ६०० मिलीग्रॅमच्या पुढे पोटॅशियम सहज असतं. आलेल्या माणसाला सांगायला लाजू नका. उसाचा रस, फळांचे रस, खजूर, सुकामेवा, काढे. कोकणात-गोव्यात नातेवाईक असतील तर आणखी एक नाव लक्षात ठेवा: करमळ, करंबळ, म्हणजे स्टारफ्रुट. यातलं विष किडनी नसलेल्या माणसाच्या मेंदूवर जातं. न थांबणारी उचकी, गोंधळ, झटके, आणि मृत्यूही. एक फळसुद्धा नको, लोणच्यातली फोडही नको.

उपवासाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण माळकरी घर आहे म्हणून मीच काढते. उपवासाचं आपलं ताट म्हणजे बटाटा, रताळं, शेंगदाणे, राजगिरा, केळं, खजूर. पोटॅशियमचीच पंगत. एका आषाढीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे एक गृहस्थ मांड्यांत जोर नाही म्हणून आले. दोन पायऱ्या चढताना भिंत धरत होते. पोटॅशियम सातच्या वर. थेट मशीनवर घेतलं, वाचले. नंतर म्हणाले, "दिवसभर तर काहीच खाल्लं नव्हतं, नुसता फराळ." आणि ज्यांनी खरंच काही खाल्लं नाही त्यांचं शरीर स्वतःचे स्नायू मोडून पोटॅशियम रक्तात सोडतं. अण्णांना निरंकार राहू देऊ नका. एकादशी मोडवत नसेल तर भगरीचा भात, त्यावर दही, थोडं पनीर, साबुदाण्याची खिचडी बटाट्याशिवाय आणि मूठभराच्या जागी चमचाभर कूट घालून. एवढ्यावर विठोबा रागावत नाही असं मी रुग्णांना सांगते, आणि माझी तशी श्रद्धाही आहे.

फॉस्फरसवर आज फार बोलत नाही, अण्णांचं ३ आहे. जेवण वाढलं की तेही वर जाईल, साडेपाचच्या आत राहिलं तर चालतं. डाळी-धान्यांतला फॉस्फरस शरीर निम्म्याहून कमी शोषतं, पण कोला, प्रोसेस्ड चीज, पाकिटातल्या तयार पदार्थांत घातलेला जवळजवळ सगळा शोषला जातो. म्हणून डाळीला घाबरू नका, पाकिटाला घाबरा. आणि बाइंडरची, म्हणजे अन्नातला फॉस्फरस धरून ठेवणारी गोळी घासांबरोबर घ्यायची असते. उपाशीपोटी घेतली तर तिला धरायला काही नसतं. न जेवलेल्या वेळी ती घेऊच नये.

डायलिसिसच्या दिवसाचा नियम वेगळा करा. पहाटे चहावर निघतात, येऊन जाऊन सात तास पोट रिकामं. निघण्याआधी एक धिरडं तरी पोटात जाऊ दे. डब्यात पोळीत गुंडाळलेलं पनीर द्या. मशीनवर खाल्ल्याने काहींचा रक्तदाब पडतो, म्हणून काही ठिकाणी मनाई असते. सिस्टरना विचारा, पहिल्या दोन तासांत थोडं चालेल का. नाहीच चाललं तर सुटल्यावर गाडीत बसताच डबा उघडायचा. घरी पोहोचेपर्यंत थांबलात तर ते झोपतील.

हे सगळं एकाच दिवशी सुरू करू नका. या आठवड्यात मिठाचं पाकीट बदला, निवळीच्या जागी घट्ट वरण द्या, पोट साफ होऊ दे. पुढच्या आठवड्यात पनीर-सोया, मग फळ. दोन आठवड्यांनी पोटॅशियम तपासा, महिन्याने अल्ब्युमिन. मधे कधीही पायांत जोर नाही, छाती धडधडते, बोलणं तुटतं असं झालं तर रिपोर्टची वाट न पाहता त्यांना डायलिसिस असलेल्या रुग्णालयात न्या.

जे घरी पोटातलं डायलिसिस करतात त्यांनी यातलं पोटॅशियमचं पथ्य डोळे झाकून घेऊ नये. त्यांचं पोटॅशियम बऱ्याचदा कमी असतं, केळंसुद्धा लागू शकतं, आणि प्रथिनं रोज पाण्यातून जात असल्याने गरज आणखी जास्त असते.

आणखी एक काम. शिंप्याची टेप घ्या. येत्या शुक्रवारी डायलिसिसहून आल्यावर, फिस्तुला (डायलिसिसच्या सुयांसाठी जोडलेली रक्तवाहिनी) नसलेल्या हाताचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधला घेर मोजा. फ्रिजवरचा तो कागद काढा, उलटा करा, पाठीवर तारीख घालून आकडा लिहा आणि परत लावा. दर महिन्याला त्याच हाताचा, तसाच. पुढच्या वेळी मला रिपोर्टबरोबर त्या बाजूचा फोटो पाठवा.